रंगभूषेचा अर्थविचार : संकेत, क्रीडा आणि लावणारा हात

१

नाट्यविषयक ग्रंथांत रंगभूषेच्या वाट्याला बहुधा एखादेच प्रकरण येते आणि त्या प्रकरणात बहुधा एक कोष्टक असते. कोष्टकाच्या डाव्या बाजूस रंग आणि उजव्या बाजूस अर्थ. तांबडा म्हणजे शौर्य, काळा म्हणजे क्रौर्य, हिरवा म्हणजे सात्त्विकता. पांढरा म्हणजे कोठे शुचिता तर कोठे कपट. असे कोष्टक परीक्षार्थीच्या सोयीचे असते यात शंका नाही. परंतु ज्या कलेचे वर्णन करावयास ते प्रवृत्त झालेले असते, तिच्याविषयी ते फारच थोडे सांगते. शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे, हे भाषाभ्यासकाला आता नव्याने सांगावे लागत नाही. रंगांची यादी म्हणजे रंगभूषा नव्हे, हे मात्र नाट्यसमीक्षेला अद्याप सांगावे लागते.

या कोष्टकवादी दृष्टीचा दोष केवळ अपुरेपणाचा नाही. तिच्यामुळे दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली ही की, चेहरा रंगविणे हा मुळात एक खेळ आहे आणि संकेत जितका पक्का तितका तो खेळ सूक्ष्म होत जातो. दुसरी ही की, रंगाचा अर्थ रंगात साठविलेला नसून तो लावणाऱ्या हाताशी निगडित असतो. तोच रंग स्वतःच्या हाताने लागला तर लीला ठरतो आणि परक्या हाताने लागला तर अवमान ठरू शकतो. या दोन मुद्द्यांचा विचार मराठी भाषेच्या साक्षीने आणि काही परंपरांच्या तौलनिक आधाराने येथे करावयाचा आहे.

२

प्रथम भाषेची साक्ष. नाटक रंगमंचावर सादर होण्याच्या क्रियेला मराठीत दोन रूढ शब्द आहेत : ‘खेळ’ आणि ‘प्रयोग’. पहिला क्रीडेचा वाचक आहे. दुसरा शास्त्रातील पडताळ्याचाही वाचक आहे. शंभरावा प्रयोग झाला असे म्हणताना शंभरावी परीक्षा झाली, असा ध्वनी त्यात राहतोच. नाट्यव्यवहारासाठी क्रीडा आणि पडताळा या दोन्ही कल्पनांचे शब्द एकाच भाषेने सहज वापरावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील नाट्योत्पत्तीच्या कथेतही देव ब्रह्मदेवाजवळ जे मागतात ते ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणे होय. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे. नाट्य हे गंभीर आहे म्हणून खेळ नव्हे, असा जो समज पुढे रूढ झाला, त्याला परंपरेच्या आरंभीच आधार नाही.

‘रंग’ या शब्दाचा विस्तार याहून बोलका आहे. ‘रञ्ज्’ या धातूत रंगणे आणि आनंदित होणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्यापासूनच रंजन, राग, रक्त आणि अनुरक्त हे शब्द सिद्ध झाले. संस्कृतात ‘रंग’ म्हणजे वर्णही आणि नाट्यस्थळही. मराठीने हा दुहेरी अर्थ जपला, इतकेच नव्हे तर वाढविला. कीर्तनाचे भाग म्हणजे पूर्वरंग आणि उत्तररंग. वेष व रंग यांसह होणारी अखेरची तालीम म्हणजे ‘रंगीत तालीम’. मैफलीला रंग चढतो, वक्ता रंगात येतो आणि एखाद्याच्या आगमनाने सगळ्याचा बेरंग होतो. येथे रंग हा पदार्थाचा गुण राहत नाही. तो प्रसंगाचा गुण होतो.

व्याकरणाच्या अंगाने पाहता ‘रंगणे’ आणि ‘रंगवणे’ यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘रंगवणे’ हे प्रयोजक रूप. त्याला कर्ता लागतो आणि तो आपल्या इच्छेने ती क्रिया करतो. ‘रंगणे’ हे अकर्मक रूप. मेंदी रंगते, विडा रंगतो, खेळ रंगतो. येथे जे घडते ते कोणाच्या आज्ञेने घडत नाही. मेंदी लावणारी स्त्री मेंदी लावू शकते. ती रंगणे तिच्या हाती नसते. नटही चेहरा रंगवू शकतो, परंतु प्रयोग रंगणे ही गोष्ट त्याच्या एकट्याच्या कर्तृत्वाबाहेरची असते. रंगभूषेची सारी चर्चा ‘रंगवणे’ या क्रियापदाभोवती फिरते आणि ‘रंगणे’ हे क्रियापद विसरले जाते, असे कोष्टकवादी समीक्षेविषयी म्हणता येईल.

क्रियापदांच्या निवडीत समाजाचा निवाडाही दडलेला असतो. मराठीत कुंकू ‘लावतात’, काजळ ‘घालतात’, रांगोळीत रंग ‘भरतात’, भुवया ‘रेखतात’, चंदनाचा ‘लेप’ देतात. पण शेंदूर ‘फासतात’ आणि काळेही ‘फासतात’. नट स्वतःविषयी सांगताना ‘तोंडाला रंग लावला’ असे म्हणतो. त्याचा व्यवसाय ज्यांना मान्य नसतो, ते ‘तोंडाला रंग फासून उभा राहिला’ असे म्हणतात. पदार्थ तोच, चेहराही तोच. एका क्रियापदाने कलावंताचा बहुरूपी आणि बहुरूप्याचा भामटा होतो. ‘सोंग’ या शब्दाचेही तसेच. उत्सवातील सोंग ‘आणतात’, ते ‘वठते’ आणि त्याचे कौतुक होते. परंतु झोपेचे सोंग घेणाऱ्याला ढोंगी म्हटले जाते. कौतुक आणि संशय हे दोन्ही भाव एकाच शब्दात वसतीला असल्यामुळे रंगविलेल्या चेहऱ्याकडे मराठी समाज कसा पाहत आला, याचा तो शब्दच एक दस्तऐवज ठरतो.

३

आता शास्त्राकडे वळावयाचे. नाट्यशास्त्रातील आहार्य अभिनयाचे चार प्रकार प्रसिद्ध आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. यांपैकी अंगरचना म्हणजे शरीर व मुख रंगविणे. तेथे सित, नील, पीत आणि रक्त असे चार मूळ वर्ण सांगून त्यांच्या मिश्रणांची चर्चा केली आहे. पांढरा आणि पिवळा मिळून पांडु, पांढरा आणि तांबडा मिळून पद्म, पिवळा आणि निळा मिळून हरित, निळा आणि तांबडा मिळून काषाय, तांबडा आणि पिवळा मिळून गौर. निळा हा सर्वांत बलवान वर्ण असल्याने त्याचा एकच भाग घेऊन इतरांचे चार भाग घ्यावेत, अशी सूचनाही आहे. ही सूचना वाचताना शास्त्रकाराच्या मागे उभा असलेला कारागीर दिसू लागतो. निळ्याने सारे मिश्रण गिळून टाकल्याचा अनुभव ज्याने अनेकदा घेतला, त्याच्याच तोंडून असे प्रमाण निघू शकते. म्हणजे येथे नियम हा खेळाचा शत्रू म्हणून आलेला नाही. अनेक खेळांनंतर हाती राहिलेले शहाणपण म्हणून तो आला आहे.

कोष्टकवाद्यांचा मोठा आधार म्हणजे रसांचे वर्ण. शृंगार श्याम, हास्य सित, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्त, वीर गौर, भयानक कृष्ण, बीभत्स नील आणि अद्भुत पीत, ही योजना रसाध्यायात आली आहे. परंतु अंगरचनेच्या प्रकरणात रसांच्या या वर्णांवरून मुखलेपन ठरविलेले नाही. तेथे देव, दानव, देश, वर्ण, अवस्था यांना धरून रंग सांगितले आहेत आणि राजे पद्मवर्ण, गौर किंवा श्यामही असू शकतात असे म्हटले आहे. रसाध्यायातील कोष्टक उचलून मुखलेपनावर ठेवले तर शृंगारी नायक सदैव श्याम रंगवावा लागेल. रंगाच्या दोन स्वतंत्र व्यवस्था एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. त्यांची सरमिसळ हा ग्रंथाचा दोष नसून वाचकाचा आहे.

अंगरचनेच्या या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. ब्राह्मण व क्षत्रिय गौर, वैश्य व शूद्र श्याम, अशी वाटणीही तेथे केलेली आहे. तिचे वर्णन ‘नाट्यसंकेत’ एवढ्याच शब्दांत करून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. सामाजिक उतरंड थेट त्वचेच्या रंगात वाचण्याची आणि ती तशी रंगविण्याची ही आज्ञा आहे. रंगभूषा ही निरागस क्रीडा आहे असा भाबडा सिद्धान्त मांडू पाहणाऱ्याला येथेच थांबावे लागते. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

मात्र भरताच्या विवेचनातील एक विचार असा आहे की ज्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. जीव ज्याप्रमाणे एक देह व त्याचा स्वभाव टाकून दुसऱ्या देहाचा स्वभाव धारण करतो, त्याप्रमाणे रंग व वेष यांनी आच्छादिलेला नट परभाव धारण करतो, असे तेथे म्हटले आहे. रंग हा येथे कोणत्याही एका अर्थाचा वाहक नाही. तो एक उंबरठा आहे. अमुक रंगाचा अमुक अर्थ या प्रश्नाच्या आधी, रंग लावल्याने माणूस स्वतःपासून किती दूर जाऊ शकतो, हा प्रश्न भरताने विचारलेला आहे.

४

रंगसंकेतांच्या काटेकोरपणासाठी कथकळीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे पच्चा, कत्ती, ताडी, करी, मिनुक्कु असे वेषप्रकार ठरलेले आहेत. पच्चा म्हणजे हिरवा. तो धीरोदात्त नायकांचा. म्हणून हिरवा म्हणजे सात्त्विकता असे कोष्टकात लिहिले जाते. पण रावण, कीचक, दुर्योधन यांच्यासाठी असलेल्या कत्ती वेषातही चेहऱ्याचा पाया हिरवाच असतो. त्या हिरव्यावर सुरीच्या आकाराचा, वर वळलेला तांबडा पट्टा येतो आणि नाकाच्या शेंड्यावर व कपाळावर पांढरे गोळे बसतात. हिरवा रंग पुसला जात नाही. तो छेदला जातो. या पात्रांतील कुलीनता, पराक्रम आणि रसिकता खरी आहे, पण ती अहंकाराने चिरलेली आहे, असे हा चेहरा सांगतो. येथे अर्थ हिरव्यात नाही आणि तांबड्यातही नाही. तो त्या दोहोंच्या अन्वयात आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही शब्दार्थाची बाब नसून वाक्यार्थाची आहे. पच्चा पात्रे रंगमंचावर मुखाने ध्वनी काढीत नाहीत आणि कत्ती पात्रे गर्जना करू शकतात, ही गोष्टही हेच सुचविते. रंग, रेषा आणि ध्वनी मिळून एक व्यवस्था होते व प्रत्येक घटकाचे मूल्य इतरांशी असलेल्या भेदातून ठरते.

दुसऱ्या परंपरांकडे पाहिले म्हणजे रंग आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक आहे, हे चटकन ध्यानात येते. चीनमधील पेकिंग संगीतिकेत पांढरा चेहरा हा कपटी त्साओ त्साओचा, तांबडा निष्ठावंत क्वान यूचा आणि काळा निःस्पृह न्यायाधीश पाओचा. कथकळीत पांढरी दाढी हनुमानाची आणि काळा वेष शूर्पणखेसारख्या राक्षसींचा. एकीकडे काळा न्यायनिष्ठ, दुसरीकडे काळा आसुरी. जपानच्या काबुकीत कुमादोरी नावाच्या रेषायुक्त मुखलेपनात तांबड्या रेषा वीराच्या आणि निळ्या रेषा खलपुरुषाच्या किंवा भुताखेतांच्या. निळ्या कृष्णाच्या देशातून आलेल्या प्रेक्षकाला काबुकीतील निळ्याची भीती वाटण्याचे काही कारण नाही. ती त्याला शिकावी लागते. सोस्यूरने शब्दाविषयी जे सांगितले ते रंगालाही लागू पडते.

काबुकीतील एक प्रथा समीक्षकाला अंतर्मुख करणारी आहे. प्रयोग संपल्यावर नट कधी कधी आपल्या रंगविलेल्या चेहऱ्यावर कापड दाबतो आणि त्यावर उमटलेला ठसा जपून ठेवतात. त्यास ओशिगुमा म्हणतात. अशा दोन ठशांची तुलना केली तर भूमिका तीच, संकेत तोच, आणि तरी घाम, त्वचा, भुवयांची ठेवण, हाताचा दाब यांमुळे ठसे वेगळे. कोष्टक जे पुसून टाकते तेच हे कापड टिपून ठेवते.

५

संकेताच्या चौकटीत क्रीडा कशी वावरते याचे उत्तम उदाहरण रंगभूमीबाहेरचे आहे. ब्राझीलमधील काडुवेओ जमातीच्या स्त्रिया बांबूच्या काडीने आणि एका फळाच्या रसाने चेहऱ्यावर नाजूक नक्षी काढीत. हवा लागताच तो रस निळाकाळा होई. क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास त्यांच्यात राहून अशा सुमारे ४०० आकृती कागदावर काढून घेतल्या आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांची चर्चा केली. या स्त्रिया नमुना, कच्चे रेखाटन किंवा खुणेचा बिंदू न घेता थेट काढीत. संग्रहातील कोणत्याही दोन आकृती एकसारख्या नव्हत्या. पण नंतर दुसऱ्याने केलेल्या संग्रहाशी तुलना करता अनेक आकृती जुळल्या. म्हणजे प्रत्येक स्त्री मनास येईल तसे काढीत होती आणि तरीही ती परंपरेच्या साठ्यातूनच काढीत होती. भाषेचे हुबेहूब असेच असते. बोलणारा प्रत्येक वाक्य नवे करतो आणि ते करण्याचे नियम त्याने केलेले नसतात. स्वातंत्र्य आणि नियम यांचा विरोध हा बाहेरून पाहणाऱ्याला वाटणारा विरोध आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला युरोपातील विदूषकांची प्रथा आहे. लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) याने पांढऱ्या चेहऱ्यावर गालांवर तांबडे त्रिकोण काढून विदूषकाला नवे रूप दिले. पुढे सर्कशीतील विदूषकांत असा शिष्टाचार रुजला की, एकाने दुसऱ्याचा चेहरा उचलू नये. १९४६ साली लंडनच्या स्टॅन बुल्ट यांनी विदूषकांचे चेहरे पोकळ केलेल्या अंड्यांवर रंगवून ठेवण्यास आरंभ केला आणि त्यातून या चेहऱ्यांची एक नोंदवहीच तयार झाली. कथकळीत नटाने ठरलेला चेहरा घ्यावयाचा असतो, तर येथे प्रत्येकाने नवा चेहरा घडवावयाचा असतो. परंतु नवेपणालाही येथे सीमा आहेत : तोंड मोठे, भुवया उंच, नाक ठळक. या सीमा ओलांडल्या तर तो विदूषक म्हणून ओळखला जाणार नाही. क्रीडेला पट लागतोच. फरक पडतो तो पटाच्या लांबीरुंदीत.

येथे एक आक्षेप संभवतो. देवतारूप धारण करणारा नट, रात्रभर चालणारे विधिनाट्य, व्रतस्थ राहून घेतलेला वेष यांना क्रीडा म्हणणे म्हणजे त्यांचे गांभीर्य नाकारणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, पण तो क्रीडा आणि थिल्लरपणा यांना एक मानतो. मूल खेळताना जितके गंभीर असते तितके ते इतर वेळी क्वचितच असते. क्रीडेचे लक्षण हसू हे नाही. स्वेच्छेने पत्करलेला नियम हे तिचे लक्षण आहे.

६

स्वेच्छा हे लक्षण मान्य केले की रंगभूषेच्या विचारातील सर्वांत कठीण प्रश्न पुढे येतो. महाराष्ट्रात ‘तोंडाला काळे फासणे’ हा केवळ वाक्प्रचार नाही. ती सार्वजनिक जीवनात प्रत्यक्ष घडणारी कृती आहे. ज्याला अपमानित करावयाचे त्याच्या तोंडाला शाई वा काजळी लावली जाते. कोकणातील दशावतारात संकासुर अंगभर काळा वेष लेवून येतो. वेद चोरणारा हा असुर मालवणी बोलीत नाना विनोद करतो आणि लहानथोर त्याची वाट पाहत बसतात. काळा रंग दोन्हीकडे आहे. एकीकडे माणूस त्यामुळे हसवितो, दुसरीकडे त्याचे हसे केले जाते. कोष्टकाला हा भेद सांगता येत नाही, कारण कोष्टकात हाताला रकाना नसतो.

रंगपंचमीचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. तेथे रंग परक्याच्याच हातून लागतो, पण लावून घेणारा लावणाराही असतो. शिवाय दिवस ठरलेला असतो आणि संध्याकाळी रंग धुतला जातो. परस्परता, मर्यादित काळ आणि धुऊन टाकण्याची मुभा यांमुळे परक्याचा हातही खेळात सामील होतो. यांतील एकही अट मोडली, म्हणजे नको म्हणणाऱ्याला रंग लावला, तर सणाच्या नावाखाली जे घडते त्याला जुलूम हेच नाव आहे. तेव्हा क्रीडेची कसोटी रंगाच्या भडकपणात नसून या अटींत शोधावी लागते.

हीच कसोटी रंगभूमीला लावली म्हणजे काही प्रिय समज डळमळीत होतात. अमेरिकेत १८३० च्या सुमारास टॉमस राइस या गौरवर्णी नटाने चेहऱ्याला काळे लावून कृष्णवर्णीयाचे हास्यास्पद सोंग लोकप्रिय केले आणि पुढे अनेक दशके त्या प्रकाराची चलती होती. नटाने रंग स्वतःच्या हातानेच लावला होता. परंतु ज्यांचा चेहरा म्हणून तो लावला गेला, त्यांची त्यात संमती नव्हती, आणि खेळ संपल्यावर नटाला तो रंग धुता येत होता. त्यांना आपली त्वचा धुता येत नव्हती. म्हणून एक अट आणखी घालावी लागते. लावणारा हात कोणाचा एवढेच विचारून भागत नाही. चेहरा कोणाचा म्हणून रंगविला, हेही विचारावे लागते. वर उल्लेखिलेली नाट्यशास्त्रातील वर्णानुसार गौर-श्याम वाटणी याच प्रश्नाच्या कक्षेत येते. भारतीय रंगमंचावर व चित्रपटांत गौरवर्णी नटाला काळवंडून आदिवासी, श्रमिक वा दलित पात्र ‘वास्तव’ केले जाते, तेव्हा तेथे वास्तवाचे दर्शन किती आणि जुन्या उतरंडीचा पुनरुच्चार किती, हे समीक्षेने तपासावयास हवे. ते न तपासता ‘रंगभूषा भूमिकेस साजेशी होती’ असे एका ओळीत लिहून मोकळे होणे म्हणजे समीक्षेने आपले काम रंगपटात ठेवून येण्यासारखे आहे.

७

मराठी रंगभूमीच्या इतिहासात रंगभूषेची दोन परस्परविरोधी ध्येये दिसतात. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हापासूनच्या पौराणिक खेळांत रंग हा रंग म्हणूनच दिसावा अशी अपेक्षा होती. राक्षस आरोळी ठोकीत येई. अशा खेळांना पुढे उपहासाने ‘अललडुर्र’ हे नाव पडले. त्या उपहासात भडक रंगाचाही उपहास होता. शिक्षित अभिरुचीला रंग लपलेला हवा होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले आणि त्याच युगात पुढे बालगंधर्वांची (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका ही दुसऱ्या ध्येयाची परमावधी ठरली. तेथे रंगभूषेचे यश ती रंगभूषा न वाटण्यात होते.

तरीही या दुसऱ्या ध्येयाच्या पोटात पहिले जिवंतच होते. बालगंधर्वांचे नेसणे, केशरचना आणि अलंकार यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, ही गोष्ट सर्वविदित आहे. पुरुषाने स्त्रीचे सोंग आणावे आणि त्या सोंगावरून स्त्रियांनी स्त्रीत्वाचा शृंगार शिकावा! मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो. ज्याला सहज म्हटले जाते तेही शिकलेले आणि रचलेले असते, हे या घटनेने विद्वानांच्या कितीतरी आधी प्रेक्षागृहात सिद्ध केले. रंगभूषा लपली, पण ती घरोघरच्या आरशांत जाऊन बसली.

आज एकविसाव्या शतकात तो आरसा अधिक धीट झाला आहे. महाविद्यालयीन तरुणी पापण्यांवर मोरपंखी वा जांभळी छटा लावतात. तरुणही नखे आणि डोळे रंगवून पाहतात. आज निळा, उद्या केशरी, परवा काहीच नाही. याला सौंदर्याच्या रूढ मापाने मोजले तर ते फसते, कारण त्यात गोरे किंवा देखणे दिसण्याचा हेतूच नसतो. अमुक रंगाने आपण कोण होतो, हे पाहण्याचा तो हेतू असतो. ‘तोंड रंगवून कुठे निघालीस?’ या घरातील प्रश्नात ‘लावणे’ आणि ‘फासणे’ यांच्यामधला जुनाच वाद बोलत असतो. असा चेहरा पाहून त्यामागची अस्मिता एका शब्दात सांगा असा आग्रह धरणारे आणि त्याला निव्वळ चाळे म्हणून झिडकारणारे, हे दोघेही कोष्टकाचेच उपासक होत. एकाला रकान्यात अर्थ भरलेला हवा असतो आणि दुसरा रकाना रिकामा ठेवून समाधानी होतो.

८

या विवेचनातून संशोधनपद्धतीसंबंधी जे निष्पन्न होते ते असे. रंगभूषेच्या अभ्यासकाने ‘हा रंग कशाचे प्रतीक?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी रंग कोणी लावला, कोणाला लावला, कोणाचा चेहरा म्हणून लावला, कोणत्या क्रमाने लावला आणि तो कसा व कधी उतरविला, हे नोंदवावे. कथकळीत नट पायाचे रंग स्वतः लावतो आणि मग हनुवटीभोवतीच्या पांढऱ्या कडेसाठी जमिनीवर निजून चेहरा दुसऱ्या कारागिराच्या स्वाधीन करतो. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवितो. हा भेद तांत्रिक नव्हे. दोन्ही परंपरांतील नटाच्या स्थानाविषयी तो काही सांगत असतो. त्याचबरोबर सफेदा, हिंगूळ, काजळ या पदार्थांची आणि लावणे, भरणे, रेखणे, फासणे, उतरवणे या क्रियापदांची स्थानिक रूपे कलावंतांच्या तोंडूनच टिपून घ्यावीत. पदार्थ बदलतात आणि क्रियापदेही मागे पडतात. ‘मेकप’ या एका शब्दाने त्यांतील अनेकांची जागा आधीच घेतली आहे. नाटकाची संहिता छापली जाते, पदे मुद्रित होतात, नेपथ्याची चित्रे राहतात. चेहऱ्यावरचा रंग मात्र त्याच रात्री खोबरेल तेलाने पुसला जातो आणि त्याविषयी जे उरते ते केवळ बोलणाऱ्यांच्या भाषेत उरते.

समीक्षेने त्या रंगाकडे कारागिरी म्हणून पाठ फिरविली, याचे एक कारण तो टिकत नाही हे असावे. परंतु टिकत नाही म्हणूनच तो लावण्याचे धैर्य होते, हेही तितकेच खरे. धुता येणार नाही असा रंग कोणी खेळ म्हणून लावीत नाही. माणसाने एका रात्रीपुरते दुसरे होऊन पाहावे आणि पहाटे पुन्हा आपल्या चेहऱ्याकडे परत यावे, ही मुभा रंगभूषेने सर्वांना सारखी दिलेली नाही. काहींना ती नाकारली गेली आणि काहींच्या तोंडावर परक्यांनीच रंग चढविला. ती मुभा कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, याचा हिशेब मांडणे हे रंगभूषेच्या समीक्षेचे खरे कार्य होय. रंगांचे कोष्टक त्या हिशेबातील एक पान ठरू शकेल. तो हिशेब मात्र त्यात मावणार नाही.